झीलकऱ्याचं काम

(पनवेल येथे एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यानाचा विषय विचारायला फोन आला तेव्हा मी 'ऐकणं' एवढंच सांगितलं. पलीकडून प्रश्न आला, "म्हणजे श्रवणभक्ती लिहू का पत्रिकेवर?" मी म्हटलं, भक्ती नको, नुसतं ऐकणं लिहा. ओट्याशी, जिन्यात, साडेसहाच्या लोकलमध्ये आणि रात्री दिवा मालवल्यावर जे ऐकायचं असतं आणि राहून जातं, त्याबद्दल मला बोलायचं आहे. ज्या बाईंच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत त्यांनी मला हे कधी शिकवलं नाही. त्या माझं ऐकत होत्या, एवढंच. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

मी सातवीत होते. पनवेल तेव्हा तलावांचं आणि बाजाराचं गाव होतं. एसटी स्टँडपलीकडे गेलं की भाताची खाचरं लागायची. जुलै महिना होता. माझी भूगोलाची वही भिजली होती आणि नकाशांतली शाई पसरून सगळा महाराष्ट्र निळा झाला होता. वर्गात विचारणा झाली, "वही का भिजली?" मी गप्प. "छत्री नव्हती का?" मी म्हटलं, होती. "मग?" मी पुन्हा गप्प. मला वर्गाबाहेर उभं केलं. मधल्या सुट्टीत बाई व्हरांड्यातून जाताना थांबल्या, वही हातात घेतली, दोन पानं उलटली आणि म्हणाल्या, "काल रात्री तुमच्याकडे पाऊस कसा होता गं?"

मी बोलायला लागले. कौलं सरकली होती, आईनं घरातली सगळी भांडी जमिनीवर मांडली होती. धाकट्या भावाला ताप होता आणि प्लास्टिकचा कागद एकच होता, तो त्याच्या अंथरुणावर घातला होता. बाई म्हणाल्या, "म्हणजे कागद तू त्याला दिलास." मी म्हटलं, "नाही बाई. कागद आईनं दिला. त्याचे पाय बाहेर येत होते, म्हणून मी माझं दप्तर पायाशी लावलं." बाई म्हणाल्या, "हं. दप्तर पायाशी."

पुढे वहीचं काय झालं ते मला आठवत नाही. पन्नासहून जास्त वर्षं झाली. पण बाईंना "नाही बाई" म्हणता आलं, हे मात्र लख्ख आठवतं. सातवीतली पोर शिक्षिकेची चूक दुरुस्त करते आणि शिक्षिका ती दुरुस्ती उचलून धरते, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आज जे सांगणार आहे ते सगळं या एका गोष्टीभोवतीच फिरणार आहे.

आपल्या भाषेतल्या 'ऐक' या शब्दापाशी मी पुष्कळ दिवस घुटमळले आहे. "पोरगं ऐकत नाही" म्हणजे त्याला ऐकू येत नाही असं नव्हे, ते सांगितलेलं करत नाही. "माझं ऐक" म्हणजे मी सांगते तसं वाग. "तो बायकोचं ऐकतो" हे तर आपण तक्रार म्हणूनच बोलतो. ऐकणं आणि आज्ञा पाळणं आपण एकाच शब्दात बांधून टाकलं आहे. त्यामुळे घरात ऐकायचं कुणी, हे आधीच ठरलेलं असतं: लहानानं मोठ्याचं, सुनेनं सासूचं, हाताखालच्यानं वरच्याचं. उलट्या दिशेनं ऐकलं की मोठ्याला वाटतं, आपण हार मानली. मुलीनं "मला ही शाखा नको" म्हटलं की बाप लगेच हरकत घेतो, कारण तिचं ऐकून घेणं म्हणजे तिचं म्हणणं मान्य करणं, अशी त्याची समजूत असते. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मी तुझं शेवटपर्यंत ऐकीन, जसंच्या तसं समजून घेईन, आणि तरीही कदाचित नाही म्हणेन. असा नकार मुलं पचवतात. न ऐकता दिलेला नकार मात्र वर्षानुवर्षं सलत राहतो.

कानाभोवतीचे शब्दप्रयोग बघा. कान उपटणे, कान टोचणे, कानउघाडणी, कानपिचक्या, कान भरणे, कानामागे टाकणे, कानाडोळा. या सगळ्यांत कानाला शिक्षा तरी आहे किंवा फसवणूक तरी. पण 'कानोसा घेणे' हाही शब्द आपलाच आहे. आणि 'अवधान' हा शब्द तर ज्ञानदेवांनी आपल्याला देऊन ठेवला आहे. नवव्या अध्यायाच्या आरंभी ते श्रोत्यांकडे मागतात ते अवधान. एवढा मोठा बोलणारा, आणि बोलण्याआधी ऐकणाऱ्यांसमोर हात पसरतो. आपल्या परंपरेत ऐकणाऱ्याची जागा अशी होती.

आता प्रश्नांकडे येते. मराठीत प्रश्न बंद करायला मोठी कडी लागत नाही. वाक्याच्या शेवटी 'का' लावला की पुरतं. "बरं वाटतंय का?" याचं उत्तर हो किंवा नाही, आणि बहुतेक वेळा हो, कारण हो म्हटलं की सुटका होते. 'ना' तर याच्याही पुढे जातो. "बरी आहेस ना?" यात उत्तर विचारणाऱ्यानंच भरून दिलेलं असतं, समोरच्यानं फक्त खाली सही करायची. नोकरी गेलेल्या मुलाला बाप फोनवर "सगळं ठीक आहे ना?" म्हणतो, तेव्हा त्या मुलाला नाही म्हणायला फार मोठं धैर्य गोळा करावं लागतं. आणि बापाला वाटतं, मी रोज चौकशी करतो.

हाच 'का' वाक्याच्या सुरुवातीला आला की व्याकरणानं प्रश्न मोकळा होतो, पण कानाला तो आरोप वाटतो. "का उशीर झाला?" "का नाही सांगितलंस?" माणूस कारण सांगत नाही, बचाव करतो. माझी वही 'का' भिजली याचं उत्तर मला येत होतं, पण ते घराच्या छपराबद्दल होतं, आणि चाळीस मुलांपुढे मला ते द्यायचं नव्हतं. बाईंनी 'का' बाजूला ठेवला आणि पावसाबद्दल विचारलं. 'कसा' म्हणून विचारलं. काय झालं, कसं झालं, मग तू काय केलंस, तेव्हा तुला काय वाटलं. हे शब्द काही खास नाहीत, रोजच्या वापरातलेच आहेत. कधी कधी प्रश्नचिन्हही लागत नाही. नुसतं "सांग" म्हणायचं आणि पुढचं आपण बोलायचं नाही. आजीच्या गोष्टीत नातवंडं "मग?" म्हणायची. याहून छोटा आणि याहून मोकळा प्रश्न मला माहीत नाही.

एक खुलासा आत्ताच करते. "जेवलास का?" हा प्रश्न बंदच आहे, पण त्याच्याविरुद्ध माझं काहीही म्हणणं नाही. आपल्या घरांत प्रेम त्याच प्रश्नातून दार ठोठावतं. माझं म्हणणं एवढंच, की दार ठोठावून आपण निघून जातो. आतून कुणी कडी काढेपर्यंत थांबत नाही.

आणि कडी निघालीच, तर पहिल्या वाक्यालाच आपण ती पुन्हा लावतो. त्यासाठी आपल्याकडे तयार वाक्यांचा डबा भरलेला असतो. जाऊ दे. त्यात काय एवढं. सगळ्यांच्याच घरी असतं. होईल सगळं नीट. आमच्या वेळी तर. तू फार विचार करतेस. ही सगळी वाक्यं मायेनं बोललेली असतात, हे मला कळतं. समोरच्याचं दुखणं आपल्याला बघवत नाही, म्हणून आपण त्यावर घाईनं झाकण ठेवतो. पण झाकणाखाली ते शिजत राहतं. माझ्या मते यात सगळ्यांत कठोर वाक्य "सगळ्यांच्याच घरी असतं" हे आहे. ज्या बाईला तिचा एकटीचा त्रास सांगायचा होता, तिचा त्रास आपण चारचौघांत वाटून टाकतो आणि तिला रिकाम्या हातानं परत पाठवतो.

डॉक्टरांच्या बाबतीत हे कुणीतरी घड्याळ लावून मोजलेलं आहे. १९८४ साली बेकमन आणि फ्रँकेल या दोन अमेरिकी संशोधकांनी ७४ तपासण्यांचं ध्वनिमुद्रण अभ्यासलं. रुग्ण आपलं गाऱ्हाणं सांगू लागला की सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला तोडत होते. पूर्ण बोलू दिलेले रुग्ण होते फक्त २३ टक्के. आणि ज्यांना बोलू दिलं त्यांच्यापैकी एकानंही अडीच मिनिटांपेक्षा जास्त वेळ घेतला नाही. आपल्याला धास्ती असते, एकदा बोलायला लागला की हा थांबायचाच नाही. तो थांबतो. अडवलेला माणूसच पुन्हा पुन्हा तेच सांगत बसतो, कारण त्याचं सांगून झालेलं नसतं.

तर प्रश्न विचारला आणि समोरचा बोलू लागला. आता आपण काय करायचं? इथे मला शाहिराच्या मागे उभा असलेला झीलकरी आठवतो. गोंधळात, पोवाड्यात शाहीर एक ओळ टाकतो, आणि तिचं शेपूट झीलकरी उचलतात. त्यालाच झील ओढणं म्हणतात. लहानपणी मला वाटायचं, याचं काम सोपं, दुसऱ्याचेच शब्द परत म्हणायचे. पुढे एका गोंधळात अगदी जवळ बसून बघितलं. झील चालू असते तेवढ्यात शाहीर श्वास घेतो, डोळे मिटतो आणि पुढची ओळ जुळवतो. झील खालच्या सुरात गेली तर तो हातानं खूण करतो आणि झीलकरी सूर बदलतो. शाहिराला आपलाच शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकू येतो, म्हणून पुढे काय म्हणायचं ते त्याला समजतं. झीलकऱ्याचं स्वतःचं कवन कितीही चांगलं असलं तरी त्या वेळी तो ते गात नाही.

मानसशास्त्राच्या पुस्तकांत या कामाला जे नाव आहे त्यात 'प्रतिबिंब' असा शब्द येतो. अमेरिकेत कार्ल रॉजर्स (१९०२–१९८७) या मानसशास्त्रज्ञानं १९४० नंतर हा विचार मांडला: सल्ला देऊ नका, निदान सांगू नका, समोरच्याच्या बोलण्यातली भावना तुम्हाला जशी समजली तशी त्याच्यापुढे ठेवा. त्याचं १९४२ चं पुस्तक या कामासाठी ओळखलं जातं. एका माणसाशी झालेली सगळी बोलणी त्यानं ध्वनिमुद्रणावरून शब्दशः छापली. पण मला रॉजर्स जवळचा वाटतो तो त्याच्या म्हातारपणातल्या एका कबुलीमुळे. १९८६ साली, मरणाच्या आदल्या वर्षी, त्यानं लिहिलं की 'भावनांचं प्रतिबिंब' हे नाव आपल्याला पसंत नाही. लोकांनी त्याची पोपटपंची करून टाकली. आपण जे करत होतो त्याला 'समज तपासून बघणं' म्हणायला हवं होतं.

समज तपासून बघणं. "म्हणजे कागद तू त्याला दिलास." बाईंनी हेच केलं होतं. त्यांचा अंदाज चुकला होता, पण चुकता येईल असा सूर त्यांनी लावला होता.

पोपटपंचीबद्दल मी अधिकारानं बोलू शकते, कारण ती मी केली आहे. काही वर्षं मी फोनवर लोकांचं ऐकण्याचं काम करत होते. प्रशिक्षण नुकतंच संपलं होतं. एका बाईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, "सासूबाई गेल्यापासून घर खायला उठतं." मी प्रशिक्षणात शिकवल्याप्रमाणे म्हटलं, "घर खायला उठतं असं तुम्हाला वाटतं." त्या म्हणाल्या, "तेच तर म्हणाले मी." मग आम्ही दोघीही गप्प. मी पुन्हा तसंच एक वाक्य परत केलं. त्या म्हणाल्या, "ठेवते," आणि फोन ठेवला. तो फोन मी अजून विसरलेले नाही. मी शब्द परत केले होते, पण स्वतःचं काहीच पणाला लावलं नव्हतं. मला म्हणता आलं असतं, "त्या असताना घर भरलेलं असायचं." हा अंदाज होता आणि तो साफ चुकीचा ठरू शकला असता. कदाचित त्या म्हणाल्या असत्या, "भरलेलं कुठलं, बावीस वर्षं भांडलो आम्ही." पण मग तिथून बोलणं सुरू झालं असतं. चूक होईल या भीतीनं मी सुरक्षित वाक्य निवडलं आणि त्या बाईंना एकटं सोडलं.

नंतर हे जरा जमू लागलं, ते घरातच.

ज्या भावाच्या पायाशी मी दप्तर लावलं होतं तो पुढे एसटीत कंडक्टर झाला. अलिबाग, पेण, कर्जत, खोपोली, सगळ्या मार्गांवर त्यानं गाड्या केल्या. निवृत्त झाल्यावर पहिले दोन महिने सगळ्यांनी त्याला "आता आराम करा" म्हटलं. तिसऱ्या महिन्यात तो बोलेनासा झाला. टीव्हीसमोर बसायचा, पण टीव्ही बंद. वहिनी म्हणाली, "ताई, तुम्हीच विचारा." मी त्याला काही विचारलं नाही. संध्याकाळी वडाळे तलावाभोवती फिरायला घेऊन गेले. शेजारी शेजारी चालताना पुरुषमाणसं बोलतात, समोर बसवलं की बोलत नाहीत, हे मी बघितलं आहे. बायकांचंही मेथी निवडताना, लसूण सोलताना तसंच होतं. हात गुंतलेले आणि नजर खाली असली की जीभ मोकळी होते.

पहिली फेरी आम्ही मुकाट्यानं मारली. दुसऱ्या फेरीत तो म्हणाला, "आता काय, झालं सगळं."

तोंडावर आलं होतं, असं काय बोलतोस, नातवंडं आहेत, पेन्शन आहे. ते गिळलं. म्हटलं, "सगळं संपल्यासारखं वाटतंय."

तो वीसेक पावलं गप्प चालला. मग म्हणाला, "सगळं नाही गं ताई. सकाळी साडेचारला जाग येते. ड्युटीची सवय. उठतो, दाढी करतो, आणि मग पाच वाजता बसून राहतो."

"दाढी करून बसून राहतोस."

"हो ना. दाढी कशाला केली तेच समजत नाही." पुन्हा काही पावलं. "दिवसाला दोनशे-तीनशे माणसं माझ्याशी बोलायची. सुट्ट्या पैशांवरून भांडायची का होईना. आता घरात सगळे माझ्याबद्दल बोलतात, माझ्याशी कोण बोलतं?"

मी म्हटलं, "घरात असून कुणाच्या गणतीत नसल्यासारखं."

"तसं नाही," तो म्हणाला. "गणतीत आहे. कामाचा नाही."

इथे मला बाईंचं "हं" आठवलं. मीही तेवढंच म्हटलं. त्या संध्याकाळी आम्ही तलावाला पाच फेऱ्या मारल्या. मी त्याला एकही उपाय सांगितला नाही. मी दोनदा चुकले आणि दोन्ही वेळा त्यानं मला दुरुस्त केलं. "सगळं नाही," आणि "तसं नाही." प्रत्येक दुरुस्तीत तो स्वतःच्या मनाच्या एक पायरी जवळ गेला. मी बरोबर अंदाज केला असता तर तो "हो" म्हणून थांबलाही असता.

घरांत ऐकण्याचं हे काम बहुतेक बायकांच्या वाट्याला येतं, हेही इथे बोलायला हवं. मुलाचं आईनं ऐकायचं, नवऱ्याचं बायकोनं, सासऱ्यांचं सुनेनं, आणि तिचं कुणी ऐकायचं याचा विचारच नाही. ऐकण्यानं माणूस दमतो. दमल्यावर नुसती मान हलवत बसण्यापेक्षा "आत्ता माझं लक्ष लागणार नाही, जेवणं झाल्यावर बसू" म्हणावं, आणि जेवणं झाल्यावर खरोखर बसावं. पुरुषांना माझी विनंती आहे, घरातल्या बाईला आठवड्यातून एकदा तरी "आज काय काय झालं?" असं विचारा आणि बोलणं संपेपर्यंत मोबाइल उचलू नका.

आणि एक प्रश्न असा आहे जिथे मोकळेपणा कामाचा नाही. कुणाच्या बोलण्यात "आता नकोसं झालंय", "मी नसलेलीच बरी" असं येऊ लागलं, तर आडवळणानं जाऊ नका. सरळ विचारा: "जीव द्यायचा विचार मनात येतो का?" शेवटी 'का' असलेला, हो किंवा नाही उत्तराचा प्रश्न. विचारल्यानं विचार डोक्यात घुसतो ही भीती खरी नाही. उलट कुणीतरी विचारलं याचा त्या माणसाला आधार वाटतो. उत्तर हो आलं तर त्याला एकटं सोडू नका, आणि १४४१६ हा सरकारचा टेली-मानस सेवेचा क्रमांक लक्षात ठेवा. तो २०२२ पासून सुरू आहे, पैसे पडत नाहीत.

ऐकण्यानं एखाद्याचं मन हलकं होतं एवढ्यावर मी थांबले तर गडचिरोलीवर अन्याय होईल. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तिथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. बायकांची दुखणी म्हणजे बाळंतपणाची दुखणी, अशी तेव्हा सार्वजनिक आरोग्याची समजूत होती. राणीताई बायकांमध्ये बसल्या, त्यांची भाषा, शरीराबद्दलचे त्यांचे शब्द ऐकत राहिल्या. मग दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी झाली. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले: ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. जगभरच्या तज्ज्ञांना जे माहीत नव्हतं ते त्या बायकांना माहीत होतं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. राणीताईंनी पुढे याच अनुभवावर मराठीत पुस्तक लिहिलं, त्याचं नाव 'कानोसा'. त्या नावाहून नेमकं नाव मला सुचत नाही.

पुढची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. दवाखाना बांधायचा होता. "तुम्ही दवाखान्यात का येत नाही?" हा प्रश्न सगळेच विचारत होते. इथे प्रश्न झाला: तुम्हाला दवाखाना कसा हवा? आदिवासींनी सांगितलं, मोठ्या इमारतीत भीती वाटते, पांढऱ्या कपड्यांनी प्रेताची आठवण होते, आमच्या माणसांना तुम्ही जवळ राहू देत नाही. म्हणून 'सर्च'च्या शोधग्राम या आवारातला दवाखाना गावासारखा झाला. झोपड्यांच्या घाटाची घरं, नातेवाइकांना सोबत राहायला जागा, आणि नाव लोकांच्या देवीचं, माँ दंतेश्वरी. समितीत बसून कुणा तज्ज्ञाला हा आराखडा सुचला नसता.

आता आपल्या पनवेलची गोष्ट सांगते, तीही माझ्याच अनुभवातली.

नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झालं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. त्या धावपट्टीखाली उलवे नदीचं जुनं पात्र आहे, एक डोंगर आहे आणि दहा गावांच्या जागा आहेत. ही गावं उठून करंजाडे, वडघर, पुष्पकनगर इथे वसली. काही वर्षांपूर्वी एका पाहणीच्या निमित्तानं मी करंजाड्याला घरोघर फिरत होते. हातात छापील अर्ज होता. घर किती चौरस फूट? पूर्वी शेती होती का? नळ आहे का? भूखंड ताब्यात मिळाला का? जुन्या घरापेक्षा नवं घर चांगलं आहे का? अर्ज तयार करणाऱ्यांत मीही होते, तेव्हा दोष दुसऱ्यावर टाकत नाही. पन्नास-साठ घरं झाली. सगळीकडे हो, हो, हो. कागदावर गाव सुखात होतं.

एका घरी एक म्हातारी आगरी बाई पायरीवर बसून सुकी मासळी निवडत होती. नाकात मोठी नथ, कासोट्याचं लुगडं. तिनंही सगळ्याला हो म्हटलं. नळ आहे, घर पक्कं आहे, वर एक मजला आहे. अर्ज भरून झाला, मी पेनाला टोपण लावलं. आणि कोण जाणे का, कदाचित त्या मासळीच्या वासानं असेल, मी तिच्या शेजारी पायरीवर बसले आणि म्हटलं, "आजी, तिकडं सकाळ कशी असायची?"

ती हसली. "बाय, मना आता इचारतंस?"

आणि मग तिनं सांगितलं. पहाटे उठून दारात आलं की खाडी. कोळंबी, चिंबोऱ्या, निवट्या. कोणत्या तिथीला पाणी किती वर येणार, ओहोटीला चिखलात कुठवर जायचं, लहान पोरांना कुठल्या दगडापलीकडे जाऊ द्यायचं नाही. तिचा हात मासळीवरून फिरत होता. मी टोपण काढलं. अर्जात शेवटी 'शेरा' म्हणून बोटभर रिकामी जागा होती. तिथे मी बारीक अक्षरांत लिहायला लागले.

ती थांबली. "काय लिवलंस, ते वाच."

मी वाचलं: नवं घर मोठं आहे, पण इथे आजींना भरतीचा आवाज ऐकू येत नाही.

तिनं मान हलवली. "आवाज नाय. आवाजाचा काय एवढा? भरती कवा येते, ती कलत नाय. असा लिव."

मी पहिलं वाक्य खोडलं आणि तसं लिहिलं. मग तिला पुन्हा वाचून दाखवलं.